शून्य मैलाची नकाशाकला

नकाशाकला म्हणजे छापील किंवा हाताने काढलेला नकाशा पायाला धरून त्यावर रंग, कागद, सूत, माती, छायाचित्रे, अक्षरे, धातूचे पत्रे असे वेगवेगळे पदार्थ चढवत केलेले मिश्र माध्यमातले काम. कधी मूळ नकाशा जवळजवळ पूर्ण झाकला जातो आणि त्याचा सांगाडा तेवढा वर जाणवत राहतो. कधी तो कापून, फाडून, उलटा लावून नवाच प्रदेश उभा केला जातो. कधी छापील कागद मुळीच नसतो, फक्त नकाशाची भाषा उचललेली असते: समोच्च रेषा, चौकटी, प्रमाणपट्टी, उत्तरेचा बाण, कोपऱ्यातली सूची. मिश्र माध्यमातल्या इतर चित्रांहून हे काम एका बाबतीत निराळे आहे. त्याच्या तळाशी असलेला कागद आधीच काही सांगत असतो. तो कोणीतरी, कोणाच्या तरी गरजेसाठी, काही गोष्टी मोजून आणि पुष्कळशा गाळून तयार केलेला असतो. महसुलाच्या नकाशात शेताची हद्द असते. त्या हद्दीवरच्या चिंचेखाली दुपारी कोण भाकर खायला बसते ते नसते. मोहिमेसाठी काढलेल्या नकाशात विहीर असते. त्या विहिरीवर कोणाला पाणी भरू दिले जात नव्हते याची खूण नसते. जे गाळले गेले ते कागदावर परत आणणे हे या कलेचे खरे काम आहे. ते जिथे होत नाही तिथे नकाशा म्हणजे नुसता देखणा कागद उरतो, आणि असे देखणे काम आज बाजारात पुष्कळ आहे.

या कलेला नागपूरसारखे दुसरे शहर महाराष्ट्रात सापडणार नाही. शहराच्या मध्यावर, विधानभवनापासून जवळच, वालुकाश्माचा एक खांब आणि चार घोडे उभे आहेत. हा शून्य मैलाचा दगड. खांबाच्या षटकोनी पायावर इथून निघणाऱ्या रस्त्यांची अंतरे मैलांत कोरली आहेत: हैदराबाद ३१८, जबलपूर १७०, चांदा १२५. शेजारी त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा १९०७ सालचा प्रमाण तलचिन्हाचा दगड आहे. समुद्रसपाटीपासूनची उंची मोजताना ज्याचा आधार घेतात असा हा बिंदू. भारताचा भौगोलिक मध्य इथेच, असा लोकांचा समज आहे. आजच्या भारताचा मध्य मात्र मध्य प्रदेशातल्या कटनी जिल्ह्यात करौंदी गावाजवळ सांगितला जातो. समज आणि मोजमाप यांतले हे अंतर नकाशाकलेला फार उपयोगी आहे. नागपूरच्या माणसाला आपण देशाच्या मध्यावर राहतो असे वाटते, आणि ते वाटणे कुठल्याही अक्षांश-रेखांशाइतकेच या शहराच्या स्वभावात मुरलेले आहे. सर्वेक्षणाच्या नकाशात त्याला जागा नाही. चित्रात आहे.

हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीचा आरंभ करणारा माणूसही याच मुलखात मातीला मिळाला. विल्यम लॅम्ब्टनने १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या पायथ्याशी पहिली आधाररेषा मोजायला घेतली. पुढची वीस वर्षे अर्धा टन वजनाचे थिओडोलाइट डोंगरांवर आणि देवळांच्या शिखरांवर चढवत, एका त्रिकोणाला दुसरा जोडत तो उत्तरेकडे सरकत राहिला. मुक्काम हैदराबादहून नागपूरला हलवत असताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट इथे त्याचा मृत्यू झाला. त्याचे काम जॉर्ज एव्हरेस्टने पुढे नेले आणि जगाने शिखराला नाव दिले ते एव्हरेस्टचे. लॅम्ब्टनची कबर हिंगणघाटात आहे. नागपूरहून वर्धेच्या वाटेने गेले तर निम्म्या दिवसात पाहून येता येते. नकाशावर काम करू पाहणाऱ्या विदर्भातल्या चित्रकाराने तिथे एकदा तरी जावे. ज्या त्रिकोणांच्या जाळ्यावर पुढचे सगळे नकाशे उभे राहिले, ते जाळे विणणारा माणूस कोणत्या मातीत आहे ते ठाऊक असले म्हणजे हातातल्या कागदाकडे पाहण्याची नजर बदलते.

आजही नकाशे करणे हा या शहराचा एक उद्योग आहे. देशभरच्या मातीचे सर्वेक्षण करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचे मुख्यालय अमरावती रस्त्यावर आहे. भारतीय खाण ब्युरोचे मुख्यालय आणि भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मध्य विभागाचे कार्यालय इथलेच. उपग्रहांच्या प्रतिमांवरून राज्याचे नकाशे तयार करणारे महाराष्ट्र सुदूर संवेदन केंद्रही नागपुरातच. त्याआधीच्या काळात स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने नागपूर परिसरातले खडक आणि जीवाश्म तपासून १८५५ मध्ये सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासोबत त्यांचे भूवैज्ञानिक वर्णन प्रसिद्ध केले होते. शहराच्या जमिनीखाली काय आहे, वर काय पिकते, ढगांवरून ती कशी दिसते, हे सगळे नागपुरात कागदावर आहे. त्या जमिनीवर माणसे कशी राहिली याचा नकाशा मात्र कोणत्याही खात्याकडे नाही.

शिवाय हे शहर जागचे हलले नाही आणि तरीही नकाशात सतत हलत राहिले. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याने १७०२ च्या सुमारास नाग नदीकाठची बारा गावे जोडून ते वसवले. अठराव्या शतकात भोसल्यांची ही राजधानी पार कटकपर्यंतच्या मुलखावर हुकूम चालवत होती. १८५४ मध्ये राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला आणि नागपूर त्याचे मुख्य ठिकाण ठरले. पुढे वऱ्हाड जोडला गेला. १९५० मध्ये प्रांताचे मध्य प्रदेश राज्य झाले, राजधानी नागपूरच राहिली. १ नोव्हेंबर १९५६ ला शहर द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात आले. १९४५ साली शाळेत जाणाऱ्या मुलाच्या नकाशावहीत, १९५३ सालच्या, १९५८ सालच्या आणि १९६१ सालच्या नकाशावहीत एकाच ठिपक्याभोवती चार वेगवेगळे रंग भरलेले होते. राजधानीची खूण ठिपक्यावरून निघून गेली. हे चार कागद एकावर एक ठेवून, वरच्या कागदाला जागोजागी खिडक्या पाडून खालचे रंग दाखवले, तर वेगळे भाष्य करावेच लागत नाही. नागपूरच्या चित्रकारापुढे इतका सरळ विषय तयार असताना तो फारसा हाताळला गेलेला नाही, याचे वाईट वाटते.

नकाशा आणि चित्र हे दोन वेगळे प्रकार आहेत ही समजूत आपल्याकडे अलीकडची आहे. जैन परंपरेतले अढाई द्वीपाचे कापडी पट पाहिले की हे ध्यानात येते. मधोमध जंबुद्वीप, त्याभोवती लवणसमुद्राचे कडे, मग धातकीखंड, कालोदधी आणि पुष्करवराचा अर्धा भाग. समुद्रात मासे पोहताहेत, खंडांवर पर्वत आणि नद्या ठरलेल्या मापाने बसवल्या आहेत. हे विश्वाचे मोजमाप आहे आणि उपासनेचे चित्रही. शत्रुंजयाच्या यात्रेचे पट देवळात टांगत, म्हणजे ज्याला प्रत्यक्ष जाता येत नाही त्याची यात्रा नजरेने घडे. एकोणिसाव्या शतकात काश्मिरी कारागिरांनी श्रीनगर शहराचा नकाशा शालीवर भरतकामाने उतरवला, नदी, पूल, बागा आणि नावांसह. अशी एक शाल लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात आहे. मराठी अमलातले जे हस्तलिखित नकाशे उरले आहेत त्यांतही डोंगर समोरून पाहिल्यासारखे उभे आणि नद्या वरून पाहिल्यासारख्या आडव्या असतात. एकाच कागदावर दोन नजरा. इंग्रजी सर्वेक्षणाने या रीतीला अशास्त्रीय ठरवून बाजूला सारले. मोजणीच्या दृष्टीने ते योग्यच होते. पण घाटाच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या माणसाला डोंगर उभाच दिसतो, हे खरेपण त्या जुन्या कागदात होते आणि नव्यात राहिले नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चित्रकार नकाशाकडे परत वळले ते वेगळ्या कारणांनी. इटलीच्या अलिगिएरो बोएत्तीने १९७१ पासून १९९४ मध्ये मरेपर्यंत जगाचे नकाशे अफगाण स्त्रियांकडून भरतकामात करून घेतले. प्रत्येक देशाच्या आकारात त्याचा झेंडा भरलेला. वर्षे सरली तसे झेंडे बदलले, देश फुटले, आणि नकाशांची ती मालिका राजकारणाची रोजनिशी झाली. समुद्र कोणत्या रंगाचा हे बहुधा भरणाऱ्या बायकाच ठरवत, म्हणून काही नकाशांत तो गुलाबी आहे. अलीगढला १९३७ मध्ये जन्मलेल्या आणि फाळणीने घर दुभंगलेले पाहिलेल्या झरीना यांनी २००१ मध्ये ‘डिव्हायडिंग लाइन’ या काष्ठठशात भारत-पाकिस्तान सीमेची फक्त रेषा ठेवली. गावे नाहीत, नद्या नाहीत, नावे नाहीत. कागदभर पसरलेली ती एक काळी रेघ पाहिल्यावर नकाशातली सीमा पुन्हा सहज नजरेने पाहता येत नाही.

बडोद्याचे गुलाममोहम्मद शेख यांची ‘मप्पा मुंडी’ मालिका याच्या उलट टोकाला आहे. जर्मनीतल्या एब्स्टॉर्फचा तेराव्या शतकातला प्रचंड विश्वनकाशा १९४३ च्या बॉम्बवर्षावात जळून गेला. मागे प्रतिकृती उरल्या. शेख यांच्या हाती त्याचे एक पोस्टकार्ड आले. त्या गोलाच्या चौकटीत त्यांनी कबीर, मजनू, संत फ्रान्सिस, आपल्या गल्ल्या आणि आपली झाडे वसवली. संगणकावरचे जोडकाम आणि हाताचा रंग दोन्ही वापरले. जळालेल्या नकाशात नवी वस्ती करणे ही कल्पनाच मोठी आहे. मुंबईच्या रीना सैनी कल्लाट यांच्या ‘वोव्हन क्रॉनिकल’ मध्ये विजेच्या तारांनी विणलेला जगाचा नकाशा भिंतभर पसरतो. तारांच्या वाटा स्थलांतराच्या वाटा आहेत, काही ठिकाणी तारेला काटेरी कुंपणासारख्या गाठी आहेत आणि त्यातून ध्वनी ऐकू येतो. हे काम २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात मांडले गेले. तार जोडते आणि तारच अडवते, हे सांगायला तिथे शब्द लागत नाहीत, कारण माध्यमातच अर्थ आहे.

मिश्र माध्यमाचा सगळा मुद्दा इथे येऊन ठेपतो. चढवलेला पदार्थ विषयातूनच आला पाहिजे. कोणत्याही दुकानातले मणी, टिकल्या, सोनेरी कागद नकाशावर चिकटवून ते साधत नाही.

नागपूरच्या कामासाठी पायाला कोणता कागद घ्यावा, याचे चार पर्याय आहेत. पहिला सर्वेक्षण विभागाचा स्थलदर्शक नकाशा. जुन्या क्रमवारीत नागपूर शहराचा पत्रक क्रमांक ५५ ओ/४ आहे. १:५०,००० प्रमाणावर समोच्च रेषा तपकिरी, पाणी निळे, झाडी हिरवी, शेती पिवळी, वस्ती आणि रस्ते तांबडे. दुसरा गाव नकाशा. विदर्भात जमिनीच्या कागदांवर अजूनही मौजा, खसरा क्रमांक आणि पटवारी हलका असे शब्द असतात, आणि त्या नकाशांतल्या वेड्यावाकड्या तुकड्यांना शहरी आराखड्यात न सापडणारे सौंदर्य आहे. तिसरा ले-आउटचा नकाशा. नागपूरच्या मध्यमवर्गाचे आयुष्य नागपूर सुधार प्रन्यासाच्या फायलींमधून आणि ले-आउटमधल्या एका प्लॉटवरून पुढे सरकलेले असते. घरोघरच्या कपाटात तो घडी घातलेला अमोनिया प्रिंट सापडतो. चौथा म्हणजे आठवणीने काढलेला नकाशा. तो सर्वांत चुकीचा असतो आणि पुष्कळदा सर्वांत बोलका, कारण माणूस ज्या रस्त्याने रोज जातो तो लांबरुंद काढतो आणि जिथे कधी पाऊल ठेवले नाही तो भाग कोरा सोडतो.

मूळ जुना नकाशा मात्र कापू नये. तो दस्तऐवज आहे, त्याची दुसरी प्रत कदाचित कुठेही नसेल. चांगल्या कागदावर रंगीत प्रत काढून तिच्यावर काम करावे. जुने नकाशे चौकोनी तुकड्यांत कापून, मध्ये बारीक फट ठेवून मांजरपाटावर चिकटवत, म्हणजे घडी कापडावर पडे आणि कागद झिजत नसे. ही रीत आजच्या कामातही उत्तम चालते. खळ मैद्याची किंवा साबुदाण्याची करावी आणि पुस्तके बांधणारे बाइंडर घालतात तसा तीत किंचित मोरचूद घालावा, नाहीतर कसर लागते. ओला कागद फुगतो, तोही एका दिशेने जास्त; म्हणून चिकटवण्याआधी तो सारखा दमट करून घ्यावा लागतो आणि नंतर टीपकागदात दाबून सावकाश वाळवावा लागतो. नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांच्या पुढे असताना, पंख्याखाली ठेवलेला कागद तासाभरात वाकडा होतो आणि खळीला भेगा पडतात. असे काम पावसाळा सरल्यावर, दिवाळी ते होळी या काळात करावे हे बरे. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे: जुन्या पद्धतीच्या निळ्या प्रिंटला चुना लागला की त्याचा निळा रंग उडून जातो. चुन्याचा पांढरा वापरायचा असेल तर पायाचा कागद आधी तपासावा.

हातकागद हवा असेल तर त्याचा वारसा शेजारीच आहे. गांधीजींच्या प्रेरणेने १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने वर्ध्याच्या मगनवाडीत हातकागदाच्या कामाला पुन्हा उभारी दिली. असा कागद शाई आणि माती दोन्ही चांगली धरतो.

रंगांसाठी दुकानात जाण्याचीही गरज नाही, आणि या शहराचे खरे भाग्य इथे आहे. नागपूर दख्खनच्या काळ्या कातळाच्या पूर्व कडेवर वसले आहे. सीताबर्डीची टेकडी त्या लाव्ह्याची. तिच्या पश्चिमेकडची माती काळी. पूर्वेला गेले की खडक बदलतो, फार जुना होतो, आणि मातीचा रंग पिवळसर, करडा, कुठे तांबूस होत जातो. उत्तरेला मनसरच्या खाणींत मँगनीज, दक्षिणेला उमरेडला कोळसा, कोराडी आणि खापरखेड्याच्या वीज केंद्रांतून निघणारी राख. माती वस्त्रगाळ करून, बाभळीच्या डिंकात किंवा ॲक्रिलिकच्या पातळ माध्यमात घोटली की रंग तयार होतो. मँगनीजची पूड करताना मात्र फार जपावे. तिची धूळ फुप्फुसांना आणि मज्जासंस्थेला अपाय करते, तेव्हा ती ओलीच घोटावी आणि तोंडाला चांगला मास्क असावा. ज्या भागाचा नकाशा त्याच भागाच्या मातीने रंगवला, तर नकाशाच्या सूचीत रंगापुढे लिहिलेले गाव आणि तो रंग एकाच जागेहून आलेले असतात. मृद सर्वेक्षणाचे शास्त्रज्ञ मातीचे वर्ग रंगांनी दाखवतात, तो रंग ठरवलेला असतो. इथे तो खराच असतो.

सूतही इथले आहे. १८७७ मध्ये जमशेटजी टाटांनी सुरू केलेली एम्प्रेस मिल बंद पडली, पण पाचपावली, गोळीबार चौक या भागांत हलबा कोष्टी विणकरांची घरे पिढ्यान्‌पिढ्या मागावर जगली. नागपुरी साडीच्या काठाचे उरलेले सूत नाग नदीच्या रेषेवर शिवणे ही सजावट नव्हे. विणकरांची वस्ती आणि नदी यांची जुनी जवळीक त्यात नोंदली जाते. नदीचा रंग कोणता द्यायचा हा मात्र प्रत्येकाच्या सचोटीचा प्रश्न आहे. सर्वेक्षणाच्या पत्रकात नाग नदी निळी आहे. अंबाझरी तलावाच्या पुढे शहराचे सांडपाणी पोटात घेत वाहणारी प्रत्यक्षातली नाग नदी निळी नाही. काठावरचा गाळ घेऊन तिची रेघ ओढली तर ती करडी, काळपट येते. शहराला नाव देणाऱ्या नदीचे असे चित्र घराच्या भिंतीवर लावणे जड जाईल, तरी ते काढले गेले पाहिजे.

गाळलेल्या गोष्टींचे थर कसे चढवायचे याला नागपूरचेच दाखले घेता येतील. इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी: शहराचे जुने भाग वारांच्या नावाने ओळखले जातात, कारण तिथे त्या त्या वारी बाजार भरे. पातळ ट्रेसिंग कागदाचे सात थर करून प्रत्येकावर एका वाराचे शहर काढले तर आठवड्याचा नकाशा तयार होतो. शुक्रवारी तलाव, जुम्मा तलाव आणि गांधीसागर ही एकाच पाण्याची तीन नावे आहेत. तीन पिढ्यांच्या हस्ताक्षरांत ती एकावर एक लिहिता येतील. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पूर्व नागपुरातून काळी आणि पिवळी मारबत या पुतळ्यांची मिरवणूक निघते. त्या एका दिवसासाठी शहराचा मध्य शून्य मैलावरून सरकून तिकडे जातो. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली ती जागा. दरवर्षी दीक्षाभूमीकडे येणाऱ्या वाटा मराठवाड्यातून, खानदेशातून, मुंबईच्या चाळींतून, उत्तरेकडच्या राज्यांतून निघतात. त्या वाटा काढायला शहराचा नकाशा पुरत नाही, देशाचा घ्यावा लागतो. या सर्व वाटा सुताने एका बिंदूत आणल्या तर नागपूर देशाच्या मध्यावर आहे ही समजूत वेगळ्या आणि अधिक खऱ्या अर्थाने सिद्ध होते.

देशाचा नकाशा घेताना कायद्याची जाण हवी. भारताच्या सीमा सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी न जुळणाऱ्या रीतीने दाखवणारा नकाशा प्रसिद्ध करणे हा फौजदारी कायदा (सुधारणा) अधिनियम, १९६१ खाली गुन्हा आहे आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. स्वामित्वहक्काच्या कायद्यात नकाशा ही कलाकृती मानली जाते. सरकारी नकाशावर प्रसिद्धीनंतर ६० वर्षे हक्क राहतो. स्वामित्वहक्कापुरता त्यापेक्षा जुना सरकारी नकाशा निर्धास्त वापरावा, नवा वापरताना परवानगीची अट पाहावी आणि स्रोत चित्रावरच लिहावा.

असे काम लोकांपुढे नेण्याचा भाग या कलेत इतर चित्रांपेक्षा महत्त्वाचा आहे, कारण नकाशा पाहणारा प्रत्येकजण आधी आपले घर शोधतो. ते सापडले की तो बोलायला लागतो, चुका काढतो, भर घालतो. इंग्लंडमध्ये कॉमन ग्राउंड या संस्थेने १९८० च्या दशकात गावोगावच्या लोकांना आपल्या परगण्याचे नकाशे स्वतः करायला प्रवृत्त केले. रंगवलेले, शिवलेले, विणलेले असे नकाशे तिथल्या सभागृहांत लागले. महाराष्ट्रात याहून जिवंत रीत आहे, फक्त तिला कोणी कला म्हणत नाही. ग्रामविकासाच्या कामात गावकरी चावडीसमोर किंवा मंदिराच्या अंगणात रांगोळीने गावाचा नकाशा काढतात. घरांसाठी बिया, विहिरींसाठी खडे, नाल्यासाठी राख, झाडांसाठी पाने. रांगोळीवर हात बायकांचा असतो, म्हणून पाणी कुठून भरावे लागते आणि सरपण कुठे मिळते या गोष्टी आपोआप नकाशात येतात. तलाठ्याच्या नकाशात त्या कधीच नव्हत्या. मग कोणीतरी ते सगळे कार्डशीटवर उतरवून घेते, रांगोळी झाडली जाते आणि कार्डशीट कार्यालयाच्या फायलीत जाते. तो कागद गावात राहिला पाहिजे, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवला गेला पाहिजे. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. अशा दाव्यांना गावाच्या पारंपरिक हद्दीचा नकाशा लागतो आणि ती हद्द म्हाताऱ्यांच्या आठवणीतूनच कागदावर येते. माणसांच्या स्मृतीने काढलेली रेघ सरकारदरबारी चालू शकते, याचा हा भक्कम पुरावा आहे.

गावाची जमीन अशी मनातून काढणारी कला मोठ्या संग्रहालयातही पोचली आहे. पालघर जिल्ह्यातले वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे आणि इंग्लंडचे रिचर्ड लाँग यांची कामे २००३ मध्ये जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात शेजारी शेजारी लागली होती. लाँग यांची कला मैलोन्‌मैल चालण्यातून होते, ती वाट ते पुष्कळदा नकाशावर रेघेने दाखवतात. म्हसे यांच्या भिंतीवरून कागदावर आलेल्या चित्रांत पाड्याची प्रत्येक पाऊलवाट, शेत आणि जाळे असते. शेजारी लावल्यावर कोण कोणाकडून शिकतो आहे हे सांगणे कठीण व्हावे, इतकी ती दोन कामे जवळची आहेत.

नागपुरात यासाठी लागणारे सगळे आहे. सिव्हिल लाइन्समध्ये दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आहे, शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे, १८६३ पासूनचा अजब बंगला आहे, आणि नकाशांनी भरलेली केंद्र-राज्य सरकारची कार्यालये आहेत. या कार्यालयांत कालबाह्य झालेले नकाशे निकाली निघतात. त्यांच्या प्रती चित्रकलेच्या विद्यार्थ्यांना मिळाव्यात, त्यांवर झालेले काम वर्षातून एकदा मांडले जावे, आणि अजब बंगल्यात त्यासाठी एक कायमचे दालन असावे. शाळांनी भूगोल आणि चित्रकला यांचे दोन तास जोडून मुलांकडून आपापल्या वस्तीचा नकाशा करून घ्यावा. ज्यांच्या घरी जुना ले-आउट, शेताचा खसरा नकाशा किंवा फाटकी नकाशावही असेल त्यांनी ती रद्दीत घालू नये. प्रत काढावी, घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला तिच्यासमोर बसवावे, ते जे सांगतील ते जागच्या जागी लिहावे, आणि मागे तारीख, गाव आणि सांगणाऱ्याचे नाव टाकायला विसरू नये.